कंपनीच्या टेम्पोला स्कूटरचा विमा: माझे ७३,५०० गेले, तुमचे कागद आजच तपासा

नवी मुंबईत रबाळे एमआयडीसीत माझं खोके बनवायचं छोटं युनिट आहे. प्रायव्हेट लिमिटेड, चौदा माणसं, तीन टेम्पो. तिन्ही टेम्पो कंपनीच्या नावावर. हे आधीच सांगतो, कारण सगळी गोम तिथेच आहे.

मे २०२३ मध्ये तिन्ही गाड्यांचा विमा संपत आला होता. विमा कंपनीच्या शाखेने गाडीमागे ३१,२४० सांगितले. एजंट म्हणाला, "२४,५०० मध्ये करून देतो साहेब, फुल पॅकेज, ड्रायव्हरसकट." हा माणूस रस्त्यावरून उचलून आणलेला नव्हता. आमच्या रांगेतल्या चार गाळेवाल्यांचे विमे तोच करायचा, आरटीओची कामंही तोच. माझ्या कारचा क्लेम त्यानेच मिळवून दिला होता. विश्वास ठेवायला आणखी काय लागतं? ७३,५०० रुपये यूपीआयने त्याच्या स्वतःच्या खात्यावर गेले. कंपनीची पेमेंट लिंक चालत नाही म्हणाला. विम्याचा पैसा विमा कंपनीच्याच खात्यात जायला हवा, एजंट तुमचा सख्खा मेहुणा असला तरी.

संध्याकाळी व्हॉट्सअॅपवर तीन पीडीएफ आल्या. आता तो क्षण सांगतो, जो आठवला की अजून रात्री झोप उडते. अकाउंट्सच्या ताई प्रिंट काढून फाइलला लावत होत्या. त्या केबिनमध्ये आल्या. "सर, यात ओनर-ड्रायव्हरचा अपघात विमा लावलाय, ३२५ रुपये. गाडी तर कंपनीची आहे. कंपनीला कुठे लायसन्स असतं?" अगदी बरोबर विचारलं होतं त्यांनी. तो पंधरा लाखांचा अपघात विमा गाडीचा मालक माणूस असेल आणि त्याच्याकडे लायसन्स असेल तरच लागतो, कंपनीच्या गाडीला नाही. जी ओळ हवी होती, पगारी ड्रायव्हरच्या कायदेशीर जबाबदारीची, माणशी ५० रुपयांची, ती नव्हतीच. ताईंनी बोट ठेवून दाखवलं. मी एजंटला फोन लावला. "सिस्टीममधून आपोआप येतं ते साहेब. ड्रायव्हरचं त्यातच आलं." गेटवर माल भरलेली गाडी उभी, दुसऱ्या फोनवर भिवंडीची पार्टी. मी ताईंना म्हटलं, "लावा फाइलला."

पंचवीस वर्षं धंदा करतोय. एक ओळ जास्त, एक ओळ कमी, दोन्ही डोळ्यांसमोर होत्या.

९ नोव्हेंबरला मुंब्रा बायपासच्या उतारावर एक मोटरसायकल टेम्पोपुढे घसरली. मामांनी (आमचे ड्रायव्हर, सगळे त्यांना मामाच म्हणतात) गाडी बाजूला दाबली, तरी धक्का बसलाच आणि टेम्पो दुभाजकावर चढला. मोटरसायकलवाल्या मुलाचा हात मोडला, मामांच्या मांडीचं हाड. हॉस्पिटलात मामींनी एवढंच विचारलं, "साहेब, विमा आहे ना?" मी म्हटलं, आहे, काळजी करू नका.

चौथ्या दिवशी सर्व्हेअरचा, म्हणजे विमा कंपनीतर्फे नुकसान तपासणाऱ्याचा, फोन आला. पॉलिसी नंबर खरा आहे, पण टू-व्हीलरचा आहे.

एजंटने काय केलं ते नीट वाचा. टेम्पोचे नंबर टाकून, मालक म्हणून माझं नाव घालून, दीडशे सीसीच्या आतल्या दुचाकींच्या तीन पॉलिसी काढल्या. दुचाकीचा थर्ड पार्टी (आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याचा) हप्ता ७१४, त्यावर ते ३२५, जीएसटी धरून १,२२६. तीन गाड्यांचे ३,६७८. मग पीडीएफमध्ये गाडीचा प्रकार, कंपनीचं नाव, रकमा बदलल्या आणि ३२५ ची ओळ बदलायची राहून गेली. उरलेले ६९,८२२ त्याच्या खिशात. एमपरिवहन या सरकारी अॅपवर मी तेव्हाच पाहिलं होतं, विमा चालू दिसत होता. दिसणारच, तिथे विमा कंपनी आणि मुदत दिसते, पॉलिसी स्कूटरची आहे हे नाही. रस्त्यावर दोनदा गाडी अडवली, दोन्ही वेळा कागद पाहून सोडली. मग मला कसं कळावं?

पॉलिसीवरचा क्यूआर कोड स्कॅन केला असता तर कळलं असतं. तो त्याला बदलता आला नव्हता.

मामांचं ऑपरेशन १,८६,४००. पगार २१,००० च्या वर गेल्यामुळे ते ईएसआयसीतून (कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्यातून) बाहेर होते, म्हणून तो खर्च कंपनीचा. टेम्पोची दुरुस्ती २,१२,५००. त्या मुलाचा दावा ९ लाखांचा, तो अजून चालू आहे. वकील म्हणतात, बनावट पॉलिसीवर विमा कंपनी एक रुपया देणार नाही. वर विम्याविना गाडी चालवल्याचा २,००० दंड. मी विमा घेतला नव्हता म्हणे!

आता तक्रारीचं ऐका. माझं युनिट ठाणे खाडीच्या या बाजूला, एजंटचं ऑफिस त्या बाजूला. इकडचे पोलीस म्हणाले पैसे तिकडे गेले, तिकडे जा. तिकडे म्हणाले फसवणूक तुमच्या गाळ्यात झाली, तिकडेच जा. विटाव्याच्या पुलाखालून किती हेलपाटे घातले ते माझं मला माहीत. एका साहेबांनी तर सुनावलं, "स्वस्तात पाहिजे होतं ना? हा तुमचा आपसातला व्यवहार, दिवाणी दावा लावा." अहो, खोटा कागद बनवणं हा दिवाणी व्यवहार कधीपासून झाला? विमा कंपनी म्हणते तो आमचा एजंटच नाही. मग तुमच्या सिस्टीममधून तीन पॉलिसी निघाल्या कशा? टेम्पोच्या नंबरवर स्कूटर, तुमच्या कॉम्प्युटरला खटकलं नाही? ऑनलाइन तक्रार केली तर ती आठ दिवसांत बंद, कारण पॉलिसी वैयक्तिक नावाने आणि तक्रार कंपनीच्या नावाने. आज दहा महिने झाले. गुन्हा दाखल नाही, नुसता अर्ज घेतलाय.

साडेसात टनांच्या आतल्या मालवाहू गाडीचा नुसता थर्ड पार्टी हप्ताच २०२३ मध्ये १६,०४९ होता, जीएसटी वेगळा. तो सरकारने ठरवलेला आहे, त्यात कुणीही सूट देऊ शकत नाही. "थर्ड पार्टीत डिस्काउंट देतो" म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. एजंटने पाठवलेल्या पीडीएफवर थांबू नका, पॉलिसी नंबर विमा कंपनीच्या वेबसाइटवर स्वतः टाका. क्लीनर असेल तर त्याचेही पैसे वेगळे भरा. आणि तुमच्या अकाउंट्सवाल्या ताई काही विचारत असतील तर हातातला फोन ठेवा.

उरलेल्या दोन गाड्यांचा विमा मी शाखेत जाऊन, कंपनीच्या नावाने चेक देऊन काढला. मामा अजून काठी घेऊन चालतात, पगार चालू ठेवलाय. दिघा, रबाळे, महापे भागात २०२३ मध्ये ज्यांनी एजंटकडून टेम्पोचे विमे घेतले त्यांनी आजच कोड स्कॅन करून बघा. स्कूटर निघाली तर मला कळवा, तक्रारीला एकत्र जाऊ. एकट्या माणसाला इथे कोणी दाद देत नाही.