डेटा जातो कुठे? ग्लासवायर द्राक्षाच्या हंगामभर वापरल्यानंतर

घरच्या कॉम्प्युटरवर डेटा कोण संपवतंय याचा छडा लावायचा असेल, तर ग्लासवायर हा नेटचा वापर प्रोग्रामनुसार दाखवणारा विंडोजवरचा प्रोग्राम जरूर टाका. दिवाळीनंतर टाकलं आणि द्राक्षाचा हंगाम आटोपेपर्यंत रोज चालू ठेवलं, त्यामुळे हे खात्रीने सांगतोय. फक्त एक लक्षात ठेवा, एकूण किती जीबी गेले एवढं बघून हाती काही लागत नाही. कोणता प्रोग्राम, कोणत्या वेळी, आणि डेटा आत येतोय की बाहेर जातोय, हे तिन्ही एकत्र दिसलं तरच उलगडा होतो.

आम्ही नाशिकला सिडकोत राहतो. वहिनी घरूनच अकाउंट्सचं काम बघतात. अंबडमधले काही छोटे कारखानदार आणि दिंडोरीकडचे द्राक्ष व्यापारी, असा सगळा टॅली आणि जीएसटीचा व्याप. आमच्या ब्रॉडबँडला महिन्याची मर्यादा आहे. ती ओलांडली की स्पीड एकदम तळाला जातो आणि नेमकं रिटर्न भरायच्या दिवसांत काम अडतं. आधी महिनाभर आरामात पुरणारा डेटा वीस तारखेच्या आतच संपायला लागला. नेटवाल्याला विचारलं तर, "वापर तुमच्याकडेच वाढलाय, मोठा प्लॅन घ्या." वहिनी मात्र ठाम होत्या. "भाऊजी, मी दिवसभर टॅलीत असते. काही डाऊनलोडच करत नाही, तर डेटा जाईल कसा?"

पहिला संशय टीव्हीवर जातो, आणि तो रास्तच आहे. नेटफ्लिक्सच्या स्वतःच्या माहितीनुसार एचडीला तासाला 3 जीबीपर्यंत आणि 4के ला 7 जीबीपर्यंत डेटा लागतो. पण लग्नासाठी सगळे चांदवडला गेलो होतो त्या दिवशीही वापर जवळपास तेवढाच दिसला. टीव्ही बंद, मोबाईल आमच्याबरोबर. घरात चालू होता तो फक्त कॉम्प्युटर.

विंडोजमध्ये यासाठी सोय आहेच. सेटिंग्जमध्ये नेटवर्क अँड इंटरनेटखाली डेटा युसेज बघितलं की मागच्या 30 दिवसांत कोणत्या अ‍ॅपने किती डेटा घेतला ते दिसतं. पैसे न मोजता आणि काही न टाकता मिळणारी ही माहिती आधी बघाच. पण त्यात येणं आणि जाणं वेगळं दिसत नाही, वेळही कळत नाही. आमचं घोडं तिथेच अडलं होतं.

ग्लासवायरचा खरा उपयोग इथे झाला. ग्राफवर मागे जाऊन हवी ती वेळ निवडली की त्या वेळी कोणता प्रोग्राम कुठल्या सर्व्हरशी बोलत होता ते समोर येतं. युसेजच्या पानावर आलेला आणि गेलेला डेटा वेगवेगळा मांडलेला असतो. आमच्या ग्राफवर दर दोन तासांनी एक लांबट उंचवटा दिसायचा, आणि तो सगळा बाहेर जाणाऱ्या डेटाचा! वहिनी म्हणत होत्या ते शब्दशः खरं होतं. डाऊनलोड काहीच नव्हतं, सगळं अपलोड होतं. ब्रॉडबँडच्या हिशेबात दोन्ही मोजलं जातं, हे बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही.

त्या उंचवट्यावर नाव होतं क्लाउडवर फायली चढवणाऱ्या एका प्रोग्रामचं. कॉम्प्युटर बसवून देणाऱ्याने हिशेबाच्या डेटाचा दर दोन तासांनी झिप (सगळ्या फायली एकत्र दाबून केलेली एकच फाईल) बॅकअप लावून दिला होता, आणि तो पडत होता नेमका क्लाउडशी जोडलेल्या फोल्डरमध्ये. प्रत्येक झिपच्या नावात तारीख आणि वेळ, म्हणजे क्लाउडच्या दृष्टीने दर वेळी नवी कोरी फाईल. दोन नोंदी बदललेल्या असोत की दोनशे, पूर्ण 600 एमबी पुन्हा वर जाणार. बारा तास कॉम्प्युटर चालला की 3.6 जीबी, महिन्याला शंभर जीबीच्या वर. हंगामात बिलं वाढतात तशी झिपही फुगत जाते.

नेट हळू झाल्याचं कधी जाणवलं का नाही, याचं उत्तरही गणितातच आहे. नुसत्या 1 एमबीपीएसने काही वर जात राहिलं तरी 24 तासांत 10.8 जीबी होतात, आणि फायबरच्या लाईनवर तेवढ्याने पान उघडायला क्षणभरही उशीर होत नाही.

क्लाउडचा बॅकअप बंद करायचा विचारही आम्ही केला नाही. लोकांचे हिशेब आहेत, ते घराबाहेर सुरक्षित राहायलाच हवेत. दोन तासांचे बॅकअप आता बाहेरच्या हार्ड डिस्कवर पडतात आणि क्लाउडवर जातो तो फक्त संध्याकाळचा शेवटचा. तेव्हापासून ऐन हंगामातही डेटा महिनाअखेरपर्यंत पुरला.

मर्यादाही सांगतो. ग्लासवायर टाकल्यानंतरचाच हिशेब ठेवतं, आणि तोही फक्त त्याच कॉम्प्युटरचा. टीव्ही-मोबाईलचं बघायला राउटरच उघडावा लागतो. डेटा कुठे गेला ते कळतं, त्यात काय होतं ते नाही. शिवाय विंडोजच्या सेवा एसव्हीसीहोस्ट या एकाच नावाखाली दिसतात, तिथे नवखा माणूस गोंधळतो. अशा वेळी विंडोजच्याच रिसोर्स मॉनिटरच्या नेटवर्क टॅबमध्ये जास्त डेटा पाठवणाऱ्या ओळीचा पीआयडी (चालू प्रोग्रामचा क्रमांक) बघा आणि तोच आकडा टास्क मॅनेजरच्या सर्व्हिसेसमध्ये शोधा. विंडोज 10 च्या 2017 मधल्या क्रिएटर्स अपडेटपासून, 3.5 जीबीपेक्षा जास्त रॅम असेल तर, बहुतेक सेवा वेगवेगळ्या चालतात, त्यामुळे नेमकं नाव सापडतं. ते डीओएसव्हीसी निघालं तर तुमचा कॉम्प्युटर विंडोजचे अपडेट दुसऱ्या कॉम्प्युटरना पुरवत असण्याची शक्यता आहे. विंडोजच्या सेटिंग्जमधल्या डिलिव्हरी ऑप्टिमायझेशनमध्ये जाऊन ते बंद करता येतं, आणि या महिन्यात किती डेटा वर गेला तेही तिथेच दिसतं.

फुकटची आवृत्ती आम्हाला या शोधापुरती पुरली. एखादा प्रोग्राम पहिल्यांदा नेटला जोडला की कोपऱ्यात सूचना येते, ती आता वहिनी नाव वाचल्याशिवाय बंद करत नाहीत. लॅपटॉप मोबाईलच्या हॉटस्पॉटवर चालवत असाल, तर ग्लासवायरच्या आधी विंडोजच्या सेटिंग्जमध्ये ते वायफाय मीटर्ड (म्हणजे मोजका डेटा असलेलं) म्हणून लावा. विंडोजचे बहुतेक मोठे अपडेट तिथेच थांबतात.