समुद्र दारात आहे, जाहिरातीत म्हटल्याप्रमाणेच

वडोदऱ्याहून दोन दिवस समुद्रकिनारी जायचे म्हटले, की दांडिया बाजारातील आमच्यासारख्या मराठी घरांत पहिले नाव वलसाडचे निघते. सकाळच्या गाडीने तीन तासांत पोहोचता येते आणि हिवाळ्यात महामार्गालगत मडक्यात शिजवलेले कंद-पापडीचे उंबाडियुंही मिळते. याच हिशेबाने यंदा पौष पौर्णिमेला आम्ही चौघे वलसाडजवळच्या ‘तिथल’ किनाऱ्याच्या परिसरातील एका निवासात दोन रात्री राहिलो. निवासाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण माझी तक्रार एका मालकापुरती नाही.

‘समुद्र अगदी दारात’ असे जाहिरातीत होते. छायाचित्रात अंगण, अंगणापुढे सुरूच्या झाडांची रांग आणि तिच्यापुढे काळ्या वाळूचा रुंद पट्टा दिसत होता. प्रत्यक्षात अंगण संपते तिथेच दगडांचा बांध लागतो. सुरूची तीनच झाडे उरली आहेत. त्यांतील एकाची मुळे कंबरेच्या उंचीपर्यंत उघडी पडली असून त्यांवर कोणीतरी टॉवेल वाळत घातला होता. तळमजल्यावरील खोलीत पौर्णिमेच्या उधाणाला रात्रभर धडाम्‌धुडुम ऐकू येत राहिले आणि सकाळी खिडकीच्या काचेवर मिठाचा पापुद्रा दिसला. नळाचे पाणी मचूळ, त्यात साबणाला फेस येत नाही. स्वच्छतेबद्दल मात्र तक्रारीला जागा नाही.

जेवण उत्तम. ताज्या बोंबलाचे कालवण आणि तांदळाची भाकरी यांसाठी मी पुन्हा तिथे जाईन. स्वयंपाक करणारे काका जवळच्याच कोळी वस्तीतले. दुसऱ्या दिवशी ओहोटी लागल्यावर ते आम्हाला बांधापलीकडे घेऊन गेले आणि शंभरेक पावलांवर चिखलातून वर आलेले विटांचे एक गोल कडे दाखवत म्हणाले, “ही आमच्या वाडीची विहीर. आई इथून पाणी न्यायची.” त्यांचे आताचे घर तिसरे आहे आणि प्रत्येक घर आधीच्यापेक्षा आत सरकलेले आहे. पहिल्या घराची जमीन सात-बाराच्या कागदावर अजून आहे, पण तिच्यावर आता होडी चालते. बोंबील वाळवायला आणि होड्या ओढून ठेवायला लागणारी मोकळी वाळू गेल्याने जाळी रस्त्याच्या कडेला पसरावी लागतात, हे त्यांनी तक्रारीच्या सुरात नव्हे, तर आमच्यासाठी कालवाचे शिंपले वेचता वेचता सांगितले.

निवासाचा बांध हा या गोष्टीचा दुसरा भाग आहे. दगडी बांधावर आपटलेली लाट परत फिरताना पायथ्याची वाळू ओढून नेते आणि बांध जिथे संपतो तिथल्या उघड्या किनाऱ्यावर तिचा मार जास्त बसतो. या निवासाचा बांध संपतो तिथून कोळी वस्ती सुरू होते. त्यातच, नद्यांनी आणलेली जी वाळू एरवी किनाऱ्याची झीज भरून काढते, ती धरणांमागे अडते आणि पात्रांतून उपसलीही जाते. राष्ट्रीय किनारी संशोधन केंद्राच्या १९९० ते २०१८ या काळाच्या अभ्यासानुसार देशाचा सुमारे ३३.६ टक्के किनारा झिजतो आहे. याच जिल्ह्यातील मोटी दांती गावाला घरे गमावण्याचा अनुभव जुना आहे. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी नदी व समुद्राच्या धूपेने विस्थापित झालेल्यांच्या पुनर्वसनाकरिता १,००० कोटी रुपयांची शिफारस केली होती. काकांना त्याचे नावही ठाऊक नव्हते.

व्यवस्थापकाला छायाचित्र कधीचे आहे असे विचारले, तेव्हा त्याने “जुने आहे, पण समुद्र तोच आहे” असे उत्तर दिले. चातुर्य म्हणून ठीक, पण पैसे घेताना छायाचित्राची तारीख सांगितली पाहिजे. जाणाऱ्यांनी ओहोटीची वेळ आधी विचारून घ्यावी, काकांना सोबत येण्याची विनंती करावी आणि त्याचा मोबदला थेट त्यांच्याच हाती द्यावा. खोली वरच्या मजल्यावरची मागावी. ती स्वस्तही पडते, कारण तळमजल्यासाठी ‘समुद्र जवळून’ या सबबीवर रात्रीचे पाचशे रुपये जास्त आकारले जातात.