दहावीचे विज्ञान आणि अँकीड्रॉइड : आठ महिन्यांच्या वापरानंतर

माझी मुलगी दहावीत गेली तेव्हा तिच्या विज्ञानाच्या पुस्तकात जवळजवळ प्रत्येक ओळीखाली रेघ मारलेली होती आणि तरीही पुस्तक मिटून विचारले की धड्यातल्या दोन-तीन गोष्टींपलीकडे तिला काही सांगता येत नसे. पुन्हा पुन्हा वाचल्याने मजकूर ओळखीचा वाटू लागतो, पण उत्तरपत्रिकेवर तो न पाहता लिहावा लागतो, आणि त्याचा सराव तिने कधी केलेलाच नव्हता. म्हणून जूनपासून आम्ही अँकीड्रॉइड हे प्रश्नोत्तरांच्या कार्डांवरून उजळणी घेणारे अ‍ॅप वापरत आहोत.

अँकी हा मूळ प्रोग्राम डेमियन एल्म्स यांनी २००६ साली आणला. जपानी भाषेत या शब्दाचा अर्थ पाठांतर असा आहे. अँड्रॉइड फोनवरची आवृत्ती स्वयंसेवक तयार करतात, ती मोफत आहे, तिच्यात जाहिराती नाहीत आणि इंटरनेट बंद ठेवूनही ती चालते, ही पालक म्हणून मला फार मोलाची गोष्ट वाटते. आयफोनवरचे अ‍ॅप मात्र विकत घ्यावे लागते.

कार्डाच्या एका बाजूला प्रश्न आणि दुसऱ्या बाजूला उत्तर असते. आधी स्वतः उत्तर द्यायचे, मग कार्ड उलटायचे आणि कितपत जमले त्यानुसार चारपैकी एक बटण दाबायचे. जमलेले कार्ड आधी काही दिवसांनी, मग काही आठवड्यांनी समोर येते. न जमलेले त्याच बैठकीत परत येते. शिकलेले किती वेगाने विसरते, हे हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ साली स्वतःवरच्या प्रयोगांतून मांडले होते. विसरण्याच्या बेतात असतानाच आठवायला लावणे हे या अ‍ॅपचे खरे काम आहे.

मात्र कार्ड कसे लिहिले यावरच सारे अवलंबून आहे. मूलद्रव्यांच्या आवर्ती वर्गीकरणाच्या धड्यातील डोबेरायनरच्या त्रिकांचा, म्हणजे सारख्या गुणधर्मांच्या तीन-तीन मूलद्रव्यांच्या गटांचा, अख्खा परिच्छेद मुलीने सुरुवातीला एकाच कार्डावर उतरवला होता आणि अर्धवट आठवले तरी ती ‘जमले’ म्हणून पुढे जात होती. मग आम्ही तो परिच्छेद फोडला. त्रिकातील मधल्या मूलद्रव्याचे अणुवस्तुमान कसे असते, हा एक प्रश्न झाला, लिथियमचे ६.९ आणि पोटॅशियमचे ३९.१, तर सोडियमचे अंदाजे किती, हा दुसरा. वहीच्या समासात ४६ भागिले २ करून तिने २३ लिहिले, त्यानंतर मधले अणुवस्तुमान इतर दोहोंच्या जवळजवळ सरासरीइतके असते, हा नियम तिला कधी घोकावा लागला नाही. असा प्रश्न काढायचा तर धडा समजून वाचावाच लागतो. म्हणूनच इतरांनी केलेली तयार कार्डे घेऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. शिवाय त्यांतली बहुतेक इंग्रजीत असतात आणि बालभारतीच्या पुस्तकातील पेशीविभाजनाच्या टप्प्यांचे पूर्वावस्था, मध्यावस्था, पश्चावस्था, अंत्यावस्था हे शब्द तिथे मिळत नाहीत. आकृतीतील नावे झाकून विचारण्याची सोय मात्र उत्तम आहे.

रोजच्या नव्या कार्डांची मर्यादा मुळात २० असते. ती आम्ही ८ वर आणली, कारण आज घेतलेले प्रत्येक कार्ड पुढे अनेकदा उजळणीला येते. दिवाळीत आठवडाभर खंड पडला तेव्हा साचलेली उजळणी उरकायला तिला चार संध्याकाळी लागल्या. एरवी वीस मिनिटे पुरतात.

गणिताची उदाहरणे आणि पाच गुणांची उत्तरे यांसाठी हे साधन नाही. ती कागदावर, घड्याळ लावूनच लिहावी लागतात. व्याख्या, सूत्रे, आकृत्या आणि इतिहासातील सनावळी यांसाठी मी ते मनापासून सुचवेन, पण सुरुवात जूनमध्येच करावी. पूर्वपरीक्षा तोंडावर आल्यावर कार्डे करायला बसलात, तर त्यांच्यामधली अंतरे वाढायला दिवसच उरत नाहीत.