ग्राफ कोरा पडल्यावर कारण कोण सांगतं? झॅबिक्स, प्रोमिथियस आणि नागिओस

भोसरीत कारखाना, हिंजवडीत ऑफिस, दोन्हीकडचे मिळून पंचवीस-तीस सर्व्हर आणि ते सांभाळणारा माणूस एकच. अशा कंपनीने मॉनिटरिंगचं सॉफ्टवेअर निवडताना डॅशबोर्डचा देखणेपणा सगळ्यात शेवटी बघावा. सीपीयू-मेमरीचे आकडे यायचे थांबले, की कारण शोधायला किती ठिकाणी उकरावं लागतं, हे आधी बघावं. झॅबिक्स, प्रोमिथियस आणि नागिओस ही तिन्ही सॉफ्टवेअर मुक्तस्रोत आहेत, त्यामुळे लायसन्सच्या पैशाचा प्रश्न नाही.

नागिओसचं आधी उरकतो. त्याचं मूळ काम ‘चालू आहे की बंद’ एवढं सांगणं. आकडे प्लगइनच्या (तपासणी करणाऱ्या छोट्या प्रोग्रामच्या) उत्तरात उभ्या रेघेच्या पुढे येतात आणि ते साठवून ग्राफ काढायला पीएनपीसारखी वेगळी जोड लागते. म्हणजे प्लगइन, एनआरपीई (दूरच्या मशीनवर प्लगइन चालवून उत्तर आणणारा), नागिओस, मधली फाइल, आरआरडी (ग्राफचे आकडे साठवणारी फाइल) अशी साखळी. नागिओसच्या पुढची कुठलीही कडी निसटली तरी सर्व्हिस हिरवी ‘ओके’ दिसत राहते आणि ग्राफ मात्र रिकामा. परफॉर्मन्स डेटावर प्रक्रिया करण्याची सेटिंग मुख्य कॉन्फिगमध्ये बंद असणं हे नेहमीचं कारण. दुसरं जरा छुपं : जुनं एनआरपीई १०२४ बाइटनंतर उत्तर कापतं, आणि कापलं जातं ते नेमकं शेवटचं, म्हणजे आकडेच. आधीपासून नागिओस असेल तर राहू द्या. ग्राफसाठी नव्याने मात्र घेऊ नका.

खरी निवड उरलेल्या दोघांत आहे.

प्रोमिथियस स्वतः प्रत्येक मशीनकडे जाऊन आकडे ओढून आणतो. लिनक्सवर त्यासाठी आकडे मांडून ठेवणारा छोटा प्रोग्राम, नोड एक्स्पोर्टर, ९१०० पोर्टवर असतो. बिघाड शोधायला याच्याइतकं सरळ काही नाही. टार्गेट्सचं, म्हणजे ज्यांच्याकडून आकडे आणायचे त्या मशीनचं, पान उघडलं की प्रत्येक मशीनपुढे शेवटची चूक लिहिलेली असते. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ असेल तर बहुतेक एक्स्पोर्टरच बंद आहे. ‘डेडलाइन एक्सीडेड’ असेल तर फायरवॉल पॅकेट गिळतोय किंवा मशीन १० सेकंदांच्या ठरलेल्या मुदतीत उत्तर देत नाहीये. एक्स्पोर्टरचं पानही ब्राउझरमध्ये उघडून आकडे डोळ्यांनी बघता येतात. कधी टार्गेट हिरवं असूनही ग्राफ कोरा दिसतो. तेव्हा क्वेरी, म्हणजे ग्राफसाठी आकडे मागणारी ओळ, तपासा. दर मिनिटाला एकच नमुना घेत असाल आणि ‘रेट’ (बदलाचा वेग) एका मिनिटाचा मागितलात, तर वजाबाकीला दुसरा नमुनाच सापडत नाही. रेटची मुदत दोन नमुन्यांमधल्या अंतराच्या निदान चौपट ठेवावी.

पण ओढून आणण्याच्या पद्धतीत एक गोम आहे. भोसरीची ब्रॉडबँड लाइन तासभर गेली, तर हिंजवडीत बसलेल्या प्रोमिथियससाठी तो तास कायमचा गेला. त्यावर उपाय म्हणजे कारखान्यातच दुसरा प्रोमिथियस बसवणं, आणि मग तोही तुम्हीच सांभाळायचा.

इथे झॅबिक्स पुढे जातो. ॲक्टिव्ह पद्धतीत एजंट, म्हणजे प्रत्येक मशीनवर बसवलेला छोटा प्रोग्रामच, झॅबिक्स सर्व्हरच्या १००५१ पोर्टकडे आकडे पाठवतो, त्यामुळे कारखान्याच्या राउटरवर बाहेरून काही उघडावं लागत नाही. कारखान्यात प्रॉक्सी (आकडे गोळा करून पुढे पाठवणारा मधला झॅबिक्स) ठेवली तर लाइन गेल्यावर ती आकडे धरून ठेवते. ही मुदत मुळात फक्त १ तासाची असते, वाढवून घ्या. स्विच, यूपीएस, जुने विंडोज सर्व्हर यांची टेम्प्लेट्सही (काय काय मोजायचं याच्या याद्या) तयार मिळतात.

बदल्यात डोकेदुखी जास्त. एजंटच्या कॉन्फिगमधलं होस्टनेम आणि सर्व्हरवर नोंदलेलं नाव अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे, लहान-मोठ्या लिपीसकट. नाही जुळलं तर ॲक्टिव्ह आकडे येतच नाहीत आणि खुलासा लॉगमध्ये शोधावा लागतो. आयटम (मोजायची एक बाब) ‘नॉट सपोर्टेड’ झाला तर शेजारच्या खुणेवर कारण दिसतं, ते वाचल्याशिवाय काही बदलू नका. स्वतःची स्क्रिप्ट रूट (सर्वाधिकार असलेला युजर) म्हणून चालवली की झकास चालते, पण एजंट ‘झॅबिक्स’ नावाच्या युजरखाली चालतो आणि त्याला ती फाइल वाचायची परवानगीच नसते. मग तासन् तास फायरवॉलला शिव्या!

आणि आपल्याकडचा गुरुवार. औद्योगिक पट्ट्यात सुट्टी, त्यातच वीज दुरुस्तीसाठी बंद. अलर्टचा भडिमार नको म्हणून झॅबिक्समध्ये मेंटेनन्स लावतात, पण त्यात ‘डेटा गोळा करू नका’ असाही प्रकार असतो. तो निवडला गेला तर चालू असलेल्या मशीनचाही ग्राफ तुटतो आणि शुक्रवारी सकाळी नसलेल्या बिघाडाचा शोध सुरू होतो.

माझा कल असा : सगळं एका ठिकाणी, कंटेनरवर चालणारं आणि लाइन भरवशाची असेल तर प्रोमिथियस. दोन जागा, विंडोज-लिनक्सची सरमिसळ, मध्ये साधं ब्रॉडबँड असेल तर कटकट सोसून झॅबिक्सच. ठरवण्याआधी दोन्ही एकेका मशीनवर लावा, एकीकडे ९१०० पोर्ट बंद करा, दुसरीकडे होस्टनेमचं एक अक्षर बदला, आणि रात्रपाळीत फोन उचलणाऱ्या सहकाऱ्याला काहीही न सांगता कारण शोधायला बसवा.