हेग्राची बसफेरी: पाचपैकी साडेतीन

मी रत्नागिरीची, नोकरी जेद्दाहला. सालेह पैगंबरांच्या उंटिणीची गोष्ट दादीकडून ऐकत वाढले, त्यामुळे सौदीतल्या अल-उलाजवळच्या हेग्रा या प्राचीन, खडकात कोरलेल्या नगरीची ही फेरी करायचीच होती.

बस वेळेवर, एसी गार, खजूर-कहवा फुकट. कसर अल-फरीदपाशी (एकट्या उभ्या खडकात कोरलेलं इथलं सगळ्यात प्रसिद्ध थडगं) मात्र जेमतेम 15 मिनिटं दिली. फोटो काढू की बघू?

आमच्या रावीने (इथे गाइडला रावी म्हणतात) सुरुवात समूद लोकांपासून, म्हणजे सालेह पैगंबरांच्या गोष्टीतल्या लोकांपासून केली: डोंगरात घरं कोरणारे, उंटिणीला मारणारे, मग नष्ट झालेले. छान रंगवलं. पण समोर जे कोरलेलं आहे ती घरं नाहीत, थडगी आहेत, नबाती लोकांची (पेट्रा कोरणारे प्राचीन अरब), आणि दारावरच्या लेखांत सालंसुद्धा दिलेली आहेत. कमकम नावाच्या बाईने हारिथा चौथा या नबाती राजाच्या कारकिर्दीच्या 9व्या वर्षी स्वतःसाठी आणि लेकीसाठी थडगं बांधलं, आणि ते विकणाऱ्याला दुशारा, अल्लात, मनात यांचा शाप दिला. म्हणजे पुढच्या ग्रंथांत ज्यांची निंदा वाचतो, त्या देवता इथे भक्ताच्याच शब्दांत! मी विचारल्यावरच त्याने ते सांगितलं, आणि मग खुलून सांगितलं.

समूद खोटे नव्हेत. असिरियाचा (प्राचीन इराकमधलं साम्राज्य) राजा सारगोन दुसरा याच्या लेखांत त्यांचं नाव आहे, या थडग्यांच्या सातशे वर्षं आधी. आपल्याकडे नाशिकची लेणी सातवाहनांच्या काळातली, नाव पांडवांचं, तसंच हे: थडगी नबात्यांची, गोष्ट समूदांची.

जबल इथलिब या डोंगरापाशी थांबाच. सकाळची बस घ्या, आणि प्रश्न विचारा.