वार्षिक पास, नऊ महिने, अकरा फेऱ्या आणि १८७ रिकाम्या सीट

मनोरंजन उद्यानाचा वार्षिक पास घेऊन नऊ महिने झाले. उन्हाळ्याची सुट्टी, पावसाळा, दिवाळी, नाताळ असं सगळं त्यात बघून झालं, तेव्हा आता मत द्यायला हरकत नाही. खरं तर लिहायचं राहूनच गेलं असतं. पण गेल्या महिन्यात एका रविवारी आमची रोलर कोस्टर चढावाच्या मध्यावर थांबली आणि नंतर काउंटरवर जे झालं त्यामुळे लिहायला बसले.

उद्यानाचं नाव लिहीत नाही. नवऱ्याच्या बदलीमुळे आम्ही तीन वर्षं महाराष्ट्राबाहेर आहोत आणि हे उद्यान घरापासून सव्वा तासावर आहे, एवढं पुरे. पासात काय मिळतं, कुठल्या तारखा चालत नाहीत, हे पास घेणारे बघूनच घेतात. त्यामुळे थेट हिशेबावर येते. माणशी ४,४९९ रुपये, तिघांचे १३,४९७. अकरा वेळा गेलो, म्हणजे माणशी एका फेरीला ४०९ रुपये पडले. पार्किंगचे शंभर दर वेळी वेगळे, लॉकरचे वेगळे. बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत, म्हणून दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि ताकाची बाटली गाडीत ठेवते. एक वाजता हातावर शिक्का मारून बाहेर यायचं, पार्किंगमधल्या कडुलिंबाखाली खायचं आणि परत आत जायचं. आतल्या जेवणाचे दर बघता अकरा फेऱ्यांत दहा हजारांच्या आसपास वाचले असतील. पैशाच्या बाजूनं पास वसूल झाला, याबद्दल मला शंका नाही. (शिक्का पाण्याच्या राइडवर धुतला जातो. मुलीचा एकदा गेला, तर गेटवर वीस मिनिटं थांबवलं. आधी जेवून यायचं आणि मगच पाण्यात जायचं, हे लक्षात ठेवा.)

आता तो रविवार. पन्नास मिनिटं रांगेत उभं राहून आम्ही मागून दुसऱ्या ओळीत बसलो. मागच्या ओळी मी मुद्दाम घेते. माथ्यावरून पुढचा भाग खाली गेला की गाडीचं वजन मागच्यांना ओढतं, त्यामुळे मागे बसणारा माथा पार करतो तो चांगल्याच वेगात, आणि सीटवरून उचलला जातो तो तिथेच. पुढच्या ओळीतून दिसतं जास्त, पण पोटात गोळा येतो तो मागेच. तर गाडी चढत होती. साखळीवर चढताना जो टक-टक-टक आवाज येतो, तो गाडी मागे घसरू नये म्हणून लावलेल्या खटक्याचा असतो. तो दातेरी पट्टीवर एकेक दात पडत पुढे जातो. तो आवाज थांबला. गाडी थांबली. एकदम इतकी शांतता झाली की खालच्या कॅन्टीनमधली भांडी ऐकू यायला लागली. मुलीनं माझा हात धरला. तिची नखं रुतलेली मला घरी गेल्यावर दिसली.

सात-आठ मिनिटांनी बाजूच्या जिन्यावरून दोन मुलं वर आली. आमचं बोलणं ऐकून त्यातला एक मराठीत म्हणाला, "ताई, घाबरू नका, साखळी तुटलेली नाही. मुलीला आधी उतरवतो, तुम्ही बार धरून बसा." मुलगा बार्शीचा, तेवीस-चोवीस वर्षांचा असेल. त्यानं ओळीओळीनं बार सोडवले, एकेकाचा दंड धरून जिन्यावर घेतलं. मुलीला म्हणाला, "खाली बघू नकोस, माझ्या बुटांकडे बघ." एकशे बारा पायऱ्या उतरलो. त्या तिनं मोजल्या.

खाली आल्यावर मी त्याला विचारलं तेव्हा त्यानं नीट सांगितलं. पुढची गाडी ब्रेकवरून सरकल्याचं एका सेन्सरनं कळवलं नाही, म्हणून सिस्टीमनं आमची चढावावरच थांबवली. रुळाचे भाग पाडलेले असतात, त्यांना ब्लॉक म्हणतात, आणि एका ब्लॉकमध्ये एका वेळी एकच गाडी असते. पुढचा ब्लॉक मोकळा झाल्याची खात्री होईपर्यंत मागची सोडायचीच नाही. दादरच्या आधी लोकल सिग्नलला उभी राहते, तोच हा प्रकार. म्हणजे त्या दिवशी यंत्रणेनं बरोबर तेच केलं जे करायला हवं होतं. राइड मध्येच थांबली म्हणजे राइड खराब आहे, असं मी आजवर समजत होते. तसं नाही. संशय आल्यावर न थांबणारी राइड खराब.

त्यामुळे थांबण्याबद्दल तक्रार नाही, त्या मुलांबद्दल तर मुळीच नाही. तक्रार काउंटरची. आम्हाला रांग न लावता बसता येईल अशी एक चिठ्ठी दिली, 'फक्त आजसाठी'. राइड त्या दिवशी परत सुरूच झाली नाही. मी म्हटलं, चिठ्ठीवर पुढच्या रविवारची तारीख घाला. नियमात बसत नाही म्हणाले. चोवीस माणसं जिन्यानं उतरवली आणि चोवीस जणांना दुपारी साडेचारला निरुपयोगी कागद दिले! आमचं एक वेळ ठीक, आम्ही पासवाले, परत येऊ. पण आमच्या पुढे एक कुटुंब रात्रीच्या गाडीनं प्रवास करून आलं होतं, एवढ्या एका राइडसाठी. त्यांच्यातल्या आजोबांनी चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली. ते बघून मला राहवलं नाही आणि मी चार ईमेल लिहिले.

इथपर्यंत लिहून आठवडाभर ठेवलं होतं. दरम्यान उत्तर आलं. चिठ्ठी आता पंधरा दिवस चालेल असं केलंय आणि आमचा पास एका महिन्यानं वाढवला. म्हणजे काउंटरबद्दलचा राग अर्धा कमी करते. त्या आजोबांपर्यंत हे पोहोचलं का, हे मी उलट विचारलंय.

पण माझा खरा मुद्दा चिठ्ठीचा नव्हताच, रिकाम्या सीटचा आहे. नऊ महिने तोच डोक्यात आहे.

आमच्या कोस्टरला सहा ओळी, एका ओळीत चार सीट, एकूण चोवीस. फाटकं ओळीप्रमाणे उघडतात आणि ज्याला जी ओळ हवी तिथे तो उभा राहतो. तिघांचं कुटुंब एका ओळीत बसतं, चौथी सीट रिकामी. दोघं मित्र बसतात, दोन रिकाम्या. फलाटावरचा मुलगा बेल्ट तपासतो, बार दाबून बघतो, अंगठा दाखवतो आणि गाडी जाते. कुणी विचारत नाही की एकटं कोण आहे. डिसेंबरमध्ये गुडघा दुखत होता म्हणून मी बाकावर बसले होते, तेव्हा मोजलं. एका दुपारी चाळीस गाड्या सुटल्या, म्हणजे ९६० सीट. त्यातल्या १८७ रिकाम्या गेल्या. जवळजवळ पाचातली एक! बाहेर पाटी होती, 'इथून ४५ मिनिटं'. सगळ्या सीट भरल्या असत्या तर ती छत्तीसवर आली असती. एक पैसा खर्च न करता, नवा रूळ न टाकता, नऊ मिनिटं. दिवसात पाच राइड केल्या तर पाऊण तास. आम्ही पास घेतो तो या तासांसाठीच.

माझ्या माहेरच्या भागात शेअर रिक्षावाला एका सीटसाठी इंजिन बंद करून "एक सीट, एक सीट" ओरडत उभा राहतो. जत्रेतला पाळणेवाला तर त्याहून पुढचा. तो नुसता पाळणा भरत नाही, समोरासमोरचं वजनही जुळवतो, जाड माणसासमोर दोन पोरं बसवतो, नाहीतर पाळणा फिरताना एका बाजूला ओढ घेतो. हे ज्ञान आपल्याकडे आहे. कोट्यवधींच्या परदेशी राइडवर ते वापरायला काय हरकत आहे? फ्लोरिडातल्या डिस्नेच्या अॅनिमल किंगडम उद्यानात एक्स्पेडिशन एव्हरेस्ट नावाची कोस्टर आहे, तिला एकट्या माणसांची वेगळी रांग आहे. कुठे एक सीट उरली की त्या रांगेतला एक जण पुढे. तेवढंही नको असेल तर फलाटाच्या तोंडाशी एक माणूस उभा करा, "किती जण?" विचारणारा. बस्स.

राइडच्या बातम्या आणि नव्या घोषणा वाचतानाही मी आजकाल हेच बघते. अमेरिकेत न्यू जर्सीतली 'किंगडा का' नावाची कोस्टर २८ फेब्रुवारी २०२५ ला सुरुंग लावून पाडली. ४५६ फूट उंच, २००५ मध्ये सुरू झाली तेव्हा जगात सर्वांत उंच आणि सर्वांत वेगवान. हायड्रॉलिक यंत्रणा केबलनं गाडी ओढून ताशी २०६ किलोमीटरला न्यायची, म्हणजे देखभालीचं काम केवढं, हे सांगायला नको. मला तिच्यावर एकदा बसायचं होतं. ते राहिलं याचं वाईट वाटलंच. पुढे २०२५ च्या अखेरीस सौदीत रियाधजवळच्या किद्दियात फाल्कन्स फ्लाइट ही कोस्टर सुरू झाली, १९५ मीटर उंच, ताशी २५० किलोमीटर. अबुधाबीत डिस्नेलँड येणार हे मे २०२५ मध्ये जाहीर झालं तेव्हा मुलीनं मामाला लगेच फोन लावला, कारण तो तिथेच असतो. तिथल्या फेरारी वर्ल्डमधल्या फॉर्म्युला रोसावर तो बसलाय. ताशी २४० चा वेग, म्हणून डोळ्यांना गॉगल देतात. मामा उंचीबद्दल काही बोलला नाही. तो सांगत होता की फलाटावरचा माणूस ओळी कशा भराभर लावतो.

देशातल्या बातम्यांनी मला जास्त आनंद होतो. डिसेंबर २०२५ मध्ये चेन्नईजवळ वंडरलाचं पाचवं उद्यान उघडलं. कोची, बंगळूर, हैदराबाद, भुवनेश्वर आणि आता हे. तिथली तंजोरा कोस्टर रुळाखाली लटकत जाते, पाय मोकळे. मार्चमध्ये तिकीट काढणार आहे. आपल्याकडे खोपोलीचं इमॅजिका २०२२ मध्ये संगमनेरच्या मालपाणी समूहानं घेतलं. ते २०१३ मध्ये सुरू झालं त्याच डिसेंबरात मी तिथल्या नायट्रो कोस्टरवर बसले होते. सगळे बसले की पायाखालची फरशी बाजूला सरकते आणि चपला लोंबकळतात, ते मला आजही तळपायात आठवतं. तोपर्यंत कोस्टर म्हणजे माझ्यासाठी गोराईचं एस्सेलवर्ल्ड. १९८९ चं ते. बोरिवलीहून खाडीपर्यंत बस, मग लाँच, लाँचमध्ये डिझेलचा वास आणि आईच्या पिशवीत पुऱ्या. राइड दिसण्याआधी खाडीतून आरडाओरडा ऐकू यायचा. ते बंद पडलं हे मला अजून पचत नाही. माझ्या मुलीच्या वयाच्या मुंबईच्या मुलांना शहराच्या हद्दीत तसं काही नाही.

तिकिटं महाग आहेत हे सगळेच म्हणतात, मीही म्हणते. पण जुलै २०१७ मध्ये या उद्यानांवर २८ टक्के जीएसटी होता, जानेवारी २०१८ मध्ये तो १८ वर आला. तो फरक किती ठिकाणी तिकिटात उतरला, हे जुनी तिकिटं जपणाऱ्यांनी काढून बघावं. माझ्याकडे डब्यात आहेत.

बाकीचं थोडक्यात. पावसाळ्यातले मंगळवार-बुधवार सर्वांत चांगले. गर्दी नाही, पण वीज चमकली की उंच राइड बंद, त्यामुळे सकाळी आधी त्या उरका. स्वच्छतागृहं दुपारी चारपर्यंत ठीक, नंतर नाही. पिण्याचं पाणी फुकट आणि थंड, पण नळ तीनच. मुखवटे घालून फिरणारी पात्रं आता कमी केलीत, मुलीला चुकल्यासारखं होतं.

चाळीस गाड्यांचा तक्ता मी पाचव्या ईमेलला जोडून पाठवला होता. त्याला उत्तर नाही. मात्र मागच्या रविवारी गेलो तर फलाटाच्या तोंडाशी आमचा बार्शीचा मुलगा उभा. हातात पाटी नाही, माइक नाही, नुसता आवाज. "एकटं कोण? एक सीट आहे, चौथी ओळ!" लाजून कुणी पुढे येईना. तेव्हा मुलीनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "आई, मी जाऊ?" गेली. अनोळखी तिघींच्या शेजारी बसली, बार खाली आला, त्यानं स्वतः दोनदा दाबून बघितला. जिन्यावर जी माझा हात सोडत नव्हती, तीच त्याच चढावावरून एकटी हात वर करून गेली.

मी खाली बाकावर बसून परत मोजलं. चाळीस गाड्या, ६१ रिकाम्या.

पण तो एका मुलाच्या आवाजावर चाललेला रविवार आहे. त्याला मी विचारलं, हे तुम्हाला वरून सांगितलं का? म्हणाला, "नाही ताई, मीच करतोय. रांग बघवत नाही." त्याची सुट्टी असते त्या दिवशी काय होतं हे बघायचंय. पास वाढवून मिळालाय, त्यामुळे १० मेच्या रविवारी, ऐन सुट्टीच्या गर्दीत, परत चाळीस गाड्या मोजणार आहे. रिकाम्या सीट शंभराच्या आत असतील तर तिघांचा पास पुन्हा काढीन.