कमरेच्या ग्लॉकचा ट्रिगर: कंपनीचाच राहू द्यावा की हलका करून घ्यावा?

टेक्सासमधल्या माझ्या ओळखीच्या मराठी मंडळींत हा प्रश्न हमखास येतो. ग्रीन कार्ड झालं, लायसन्सचा वर्ग केला, ग्लॉक १९ पिस्तूल घेतलं, की चार-सहा महिन्यांत ट्रिगर खुपायला लागतो. (एच-१बी वर असाल तर ट्रिगरचं नंतर बघू, आधी वकील गाठा.) माझ्याकडे दोन्ही ट्रिगर आहेत आणि दोन्ही कमरेला लावून बघितलेत, म्हणून हा खटाटोप.

रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या सरावाच्या जागी, तुलनाच नाही. कंपनीचा ट्रिगर साधारण साडेपाच पौंडांचा, म्हणजे ओढायला तेवढा जोर लागतो. आधी थोडी मोकळी चाल, मग अडतो, आणि अडला की स्पंजसारखा दबत दबत सुटतो. हलक्या कनेक्टरचा (ट्रिगर किती जड हे ठरवणारा आतला छोटा भाग), सपाट पट्टीचा ट्रिगर स्वच्छ सुटतो आणि चटकन जागेवर येतो. कागदावरची भोकं जवळ येतात, निदान माझी तरी आली. स्पर्धेला जाणाऱ्याने तो बसवून घ्यावा, त्यात वाद कसला? ग्लॉकने हलका कनेक्टर मुळात स्पर्धेच्या लांब मॉडेलांसाठीच दिला होता.

रोज कमरेला बाळगायचं म्हटलं की मात्र एक गोष्ट मला सलायला लागली. आमच्या इथे एक सर पळायला लावून मग नेम धरायला लावतात. छाती धपापतेय, हात घामेजलेत, आणि पिस्तूल होल्स्टरमधून काढून पहिली गोळी मारायची. कंपनीच्या ट्रिगरवर बोट अडतं ते तेव्हाही स्पष्ट कळतं; पुढे दाबायचं की नाही, हे ठरवायला क्षणभर मिळतो. हलक्यावर ते अडणंच मला जाणवेना. पहिली गोळी माझं मन पक्कं होण्याच्या किंचित आधी जायची. भोक बरोबर जागी पडायचं, सर खूश, बाकीचेही खूश. पण आत काय झालं ते मला कळत होतं. जानेवारीत नॉर्दर, म्हणजे उत्तरेचा गार वारा, आला आणि बोटं बधिर झाली की तेच, थोडं जास्तच. माझं बोट म्हणजे काही वजनकाटा नव्हे. तुमच्या बोटाला वेगळा अनुभव येऊ शकतो. ‘बोट ट्रिगरवर ठेवायचंच कशाला’ हेही खरं. पण पिस्तूल काढावं लागलं म्हणजे गोळी झाडावीच लागते असं नाही. समोरचा हात वर करून थांबला, तुमचे हात थरथरतायत, अशा वेळी तो अर्धा क्षण मला हवासा वाटतो.

कोर्टातली गोम नेमकी याच जागी आहे. स्वसंरक्षण म्हणजे ‘हो, मी गोळी जाणूनबुजून झाडली, कारण जिवावर बेतलं होतं’ असं सांगणं. हेतू सिद्ध होत नसेल तर सरकारी वकील म्हणणार, झाडलीच नाही, निष्काळजीपणाने सुटली. मग स्वसंरक्षणाचा मुद्दाच लटका पडतो. नुकसानभरपाईच्या दाव्यात आणखी एक पेच असतो. घराचा विमा सहसा जाणूनबुजून केलेल्या इजेचे पैसे देत नाही, निष्काळजीपणाचे देऊ शकतो. म्हणजे समोरच्या वकिलालाही ती ‘सुटलेली’च बरी. टेक्सासात बळाचा वापर समर्थनीय ठरला तर दिवाणी दाव्यापासून संरक्षण आहे, पण आधी तो समर्थनीय ठरावा लागतो. ट्रिगर बदलायच्या काही किटच्या पाकिटावर ‘फक्त स्पर्धेसाठी’ असं छापलेलं असतं. ते ज्युरीसमोर वाचून दाखवायला वकिलाला किती कष्ट पडतील?

हा नुसता बागुलबुवा नाही. मायामीत १९८२ मध्ये लुईस अल्वारेझ या पोलीस अधिकाऱ्याच्या गोळीने एक तरुण गेला, शहरात दंगल उसळली, आणि रिव्हॉल्व्हरचा ट्रिगर हलका करून घेतल्याचा मुद्दा खटल्यात गाजला. १९८४ मध्ये तो निर्दोष सुटला, पण वर्षभर कोर्टकचेरीत पिचून. मसाद अयूब यांच्यासारखे जुने जाणते शस्त्र-प्रशिक्षक वर्षानुवर्षं हेच बजावतात: कमरेच्या पिस्तुलाचा ट्रिगर कंपनीच्या मापाखाली नेऊ नका.

दुसऱ्या बाजूचं म्हणणंही कानाआड करण्यासारखं नाही. खटला ट्रिगरवर क्वचितच ठरतो. गोळी झाडणं रास्त होतं का, यावर ठरतो. आणि चुकलेली गोळीसुद्धा तुमच्याच खात्यावर. न्यूयॉर्क पोलिसांनी पिस्तुलांना मुद्दाम बारा पौंडांचे जड ट्रिगर लावले होते. २०१२ मध्ये एम्पायर स्टेट बिल्डिंगपाशी बंदूकधाऱ्यावर झाडलेल्या त्यांच्या गोळ्यांनी नऊ वाटसरू जखमी झाले, तेव्हा जड ट्रिगर ओढताना नेम हलतो म्हणून त्या ट्रिगरवर बरंच तोंडसुख घेतलं गेलं. नव्या भरतीला हलके ट्रिगर द्यायचं पुढे २०२१ मध्ये ठरलं. तेव्हा जड तितका चांगला, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

खाज भागतच नसेल तर जनरेशन ५ च्या, म्हणजे पाचव्या आवृत्तीच्या, पिस्तुलांसाठी ग्लॉकचाच परफॉर्मन्स ट्रिगर मिळतो, चार पौंडांच्या आसपासचा. निदान भाग कंपनीचा, हे सांगता येतं. मला तो रेंजवर आवडला, पण कमरेला नाही लावला. तेच पैसे मी रात्री दिसणाऱ्या साइट्सवर (नेम धरायच्या खुणांवर) आणि काडतुसांवर घातले, आणि कंपनीच्या ट्रिगरवरची भोकंही हळूहळू जवळ आलीच.

तरीही बदलायचाच असेल तर व्हिडिओ बघून घरी खोलू नका. लायसन्सवाल्या गनस्मिथकडून बसवा, पावती घ्या, आणि आतल्या कुठल्याही सेफ्टीला हात लावू देऊ नका. माझ्या गावच्या गनस्मिथने तर ‘कमरेला लावणार का?’ एवढं विचारून कामच परत दिलं होतं. जुने भाग फेकू नका. पिस्तूल विकताना गिऱ्हाईक आधी तेच मागतं.